पालथ्या मडक्यांखालचं घर

"पत्रा पडला तर डोकं फुटतंय, माणूस मरत नाही."

घर कसं असावं याबद्दल माझ्या आईचं मत एवढ्यातच संपतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेपासून तिनं ते धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही. त्यामुळे सात वर्षांपूर्वी तिला फोनवर "आम्ही मातीचं घर बांधतोय" असं सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाली, "पगार बंद झालाय का तुझा?"

मी भूकंपाच्या वेळी सहावीत होते. आमचं गाव उमरगा भागातलं, ज्या गावांची सगळ्यात जास्त हानी झाली त्या किल्लारी-सास्तूरपासून तसं लांब. विसर्जन आटोपून गाव झोपलं होतं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली आणि आमच्या घराची पुढची भिंत बाहेरच्या अंगाला पडली, म्हणून आम्ही वाचलो. आत पडली असती तर हे लिहायला मी नसते. आजीची बाज मधल्या खांबाला लागून होती. लाकडी खांब आणि त्यावरच्या तुळया जागच्या जागी होत्या, भिंत तेवढी गेली होती. उजाडल्यावर माजघरात उभं राहिलं की समोर थेट शेजाऱ्यांची म्हैस दिसायची. आईचं माहेर सास्तूरच्या बाजूचं होतं, एवढंच लिहिते.

त्या दिवाळीच्या आत दादांनी, म्हणजे वडिलांनी, माळवद उतरवून घेतलं आणि वर पत्रे ठोकले. आजी ओसरीवर बसून बघत होती. पाट्यांवर पाट्या माती निघत होती, संपायचं नाव नाही.

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचण म्हणजे बारीक लाकडांचा दाट थर, त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. मध्ये एखादं साणं, उजेडाला आणि धुराला. दरसाल पावसाळ्याच्या आधी वर नवी पांढरी माती टाकून चोपायची, म्हणजे गळत नाही. आता गंमत अशी की नवी माती टाकतात, जुनी कुणी काढत नाही. पणजोबांनी टाकली, आजोबांनी टाकली, दादांनी टाकली. वीतभराचं माळवद तीन पिढ्यांत हातभर जाड झालं. आमचं उतरवलं तेव्हा एका जागी दोन फूट भरलं होतं. पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर मी एकदा फळ्यावर हिशेब केला. दहा बाय दहाची खोली, दोन फूट जाड माती, घनमीटरला सोळाशे किलो धरा. नऊ टन. आणि जिथं खांब नसायचे तिथं हे नऊ टन कशावर, तर बाहेरून एक दगडी पदर, आतून एक दगडी पदर आणि मध्ये चिपा-माती भरलेल्या जाड भिंतींवर. दोन्ही पदरांना जोडणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी टाकलेलाच नसायचा. हलल्यावर भिंत उकलली की वरचं सगळं खाली. त्या हिशेबानंतर मला आईशी वाद घालावासा वाटला नाही.

पण त्याच माळवदाखाली मे महिन्यात दुपारी आजी आम्हाला गोधडी अंगावर घ्यायला लावायची, हेही मला आठवतं. गारवा त्या जाडीतच होता आणि मरणही त्यातच होतं. पत्रे आल्यावर मरणाची भीती गेली, गारवाही गेला. पत्र्याखालचा मे ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. सकाळी दहालाच डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं. आम्ही दिवसभर कडुलिंबाखाली असायचो, जेवणसुद्धा तिथंच. आई मात्र तक्रारीचा शब्द काढायची नाही. उकडून मरत नाही कुणी, म्हणायची.

म्हणून घर बांधायची वेळ आली (सासरचं शेत शेजारच्याच तालुक्यात, रस्त्याकडेचे चार गुंठे आमच्या वाट्याला आलेले) तेव्हा माझ्या डोक्यात प्रश्न एकच होता. माळवदाची जाडी मिळाली पाहिजे, वजन नको.

आधी माती. काळीच्या विटा होत नाहीत. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पायासुद्धा काळी ओलांडून खाली मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला, माळाकडे, तांबूस मुरमाड माती आहे. ती मी प्लास्टिकच्या बाटलीत घेतली, वर पाणी, चिमूटभर मीठ, भरपूर हलवलं आणि खिडकीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तळाला वाळूचा थर, त्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती, पट्टीनं मोजता येईल असे. पाचवीच्या पोरांना दाखवतो तोच प्रयोग. थर पसंत पडले. म्हटलं, झालं काम.

झालं कुठलं. मी शाळेत गेले असताना जेसीबीवाल्यानं वरची काळी न काढताच सगळं एकत्र ओढलं आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ढीग बघून "चांगली निघाली की माती" असं प्रमाणपत्रही दिलं. त्या मातीच्या पहिल्या तीनशे विटा वाळल्यावर खारीसारख्या तुकडे पडत गेल्या. आत्या, म्हणजे सासूबाई, त्यातल्या एकीवर उभ्या राहिल्या आणि ती मोडली. आत्यांचं वजन पंचेचाळीस किलो आहे. त्यानंतर आठवडाभर घरात कुणी मला काही विचारलं नाही, आणि हे न विचारणं विचारण्यापेक्षा वाईट असतं.

विटा म्हणजे भट्टीच्या नव्हेत. चाळलेली माती, गरजेपुरती कच, शेकडा सहा सिमेंट, नावाला पाणी, आणि हे सगळं हातानं दाबायच्या यंत्रात घालून लिव्हरला लोंबकळायचं. पाण्याचा अंदाज यायला चार दिवस लागतात. मुठीत दाबलेला गोळा कमरेएवढ्या उंचीवरून टाकला की चार-पाच ढेकळं व्हायला हवीत. भुगा झाला तर पाणी कमी, एकच चपटा पडला तर जास्त. यंत्र भाड्याचं होतं. मी, नवरा, दोन पुतणे आणि वाडीवरची एक जोडी, असे आम्ही दिवसाला अडीचशे-तीनशे विटा काढायचो. पुढे तीन आठवडे त्या ओल्या पोत्यांखाली ठेवायच्या. भाजायचं काहीच नाही. साडेचार हजारांच्या वर विटा लागल्या आणि माझा उजवा खांदा अजून थंडीत त्यांची आठवण काढतो. वीट साडेनऊ इंच रुंद, म्हणजे भिंतही तेवढीच जाड. जोत्यावर काँक्रीटचा एक पट्टा, दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा दुसरा, कोपऱ्या-कोपऱ्यात पायापासून स्लॅबपर्यंत सळई. मातीच्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून भारतीय मानक ब्युरोचं एक मार्गदर्शक आहे, आयएस १३८२७. ते १९९३चंच आहे. मी त्याची प्रिंट काढून मिस्त्रीला दिली. त्यानं ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "म्याडम, सळई मी तशीबी टाकणारच होतो. मी लोहाऱ्याचा आहे." लोहारा त्याच भूकंपाच्या पट्ट्यातलं.

कर्जाचं विचारू नका. एका बँकेत फॉर्म वाचून साहेबांनी "हे कच्च्या घरात येतं" असं सांगितलं. मी त्यांना एक वीट नेऊन दाखवली. त्यांनी ती टेबलावरून खाली ठेवायला सांगितली. शेवटी पीएफमधून काढले.

आता छप्पर, कारण खरं युद्ध तिथं आहे. आमच्या अक्षांशावर साधारण १२ मेला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस. त्या दिवशी दुपारी बारा वीसच्या सुमाराला अंगणात स्टीलचा पेला पालथा ठेवला की त्याची सावली त्याच्याच पोटाखाली जाते. दरवर्षी पुतण्यांना दाखवते. (३१ जुलैच्या आसपास दुसऱ्यांदा येतो, पण तेव्हा आभाळ असतं, कुणाला पत्ताच लागत नाही.) म्हणजे ऐन उन्हाळ्यात ऊन भिंतींवर कमी आणि छपरावर जास्त. सिमेंटचा उघडा स्लॅब हे ऊन दिवसभर पितो आणि रात्री आपल्या अंगावर ओततो. लोक पैसे खर्चून भिंती जाड करतात, गुळगुळीत रंग काढतात आणि वर तसाच काळपट स्लॅब सोडतात. मग एसी.

आम्ही चार इंची स्लॅब टाकला आणि त्यावर मडकी पालथी घातली. ही माझी अक्कल नाही, जुनी रीत आहे. मडक्याच्या पोटात कोंडलेली हवा उष्णता खाली यायला वेळ लावते. शेजारच्या गावात कुंभाराचं एक घर अजून चाक चालवतं. मी सातशे वीस मडकी सांगितली, तर त्यानं कुणाचं लग्न आहे विचारलं. घरावर घालायचीत म्हटल्यावर त्यानं किंमत वाढवली नाही, पण पूर्ण उन्हाळा "बाईंच्या माळवदाची मडकी" म्हणून गावभर सांगत सुटला. टेम्पोत कडब्यात बसवून आणली तरी पंचेचाळीस फुटलीच. ओळीनं तोंडं खाली, अंगाला अंग लावून मांडली. मधल्या फटीत चुना आणि वीटचुरा, वर चुन्याचा कोबा उतार देऊन, आणि सगळ्यात वर पांढऱ्या फरशीचे तुकडे. फुटक्या फरश्या दुकानदारानं फुकट दिल्या, उलट कचरा गेला म्हणून चहा पाजला. स्लॅब धरून या सगळ्याचं वजन त्या दोन फुटी माळवदाच्या निम्म्याहूनही कमी भरतं. हे मी आईला आकड्यांत सांगितलं होतं. "आकडे तुझ्यापाशी ठेव," म्हणाली.

२०१९च्या दिवाळीला राहायला आलो. हा सहावा उन्हाळा. शाळेच्या प्रयोगशाळेतून बाद झालेला एक थर्मामीटर माझ्याकडे आहे, तो माजघरात टांगलाय, दुसरा बाहेर सावलीत. वहीत नोंदी आहेत. परवाच्या मंगळवारची देते. दुपारी तीनला बाहेर ४१.५, आत ३१.५. रात्री नऊला दिराच्या घरी, जे साध्या स्लॅबचं आहे, ३६.५, आमच्याकडे ३२. डिसेंबरात पहाटे बाहेर १२ असताना आत २२च्या खाली काटा जात नाही. म्हणजे वर्षभरात घराच्या आतला फरक दहा अंशांचा, बाहेर तो तीसच्या घरात. छपराचंही मोजलं. आधी कोविडच्या काळात शाळेला मिळालेली ती कपाळावर धरायची बंदूक नेली, पण ती तापापुरतीच असते, ४३च्या पुढे नुसतं 'हाय' म्हणते. मग मूठभर वाळूत थर्मामीटर खुपसून दोन्ही छपरांवर ठेवला. दिराच्या स्लॅबवर ५८, आमच्या पांढऱ्या तुकड्यांवर ४४. आमच्या छपरावर दुपारी अनवाणी उभं राहता येतं. फार वेळ नाही.

३१.५ म्हणजे गारेगार नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण लोक येतात ते एसीची अपेक्षा करून. पंखा लागतोच. पण ३१.५ला पंख्याचा वारा वारा वाटतो आणि ३७ला तोच फुंकणीचा वाटतो. पायाखाली शहाबादी फरशी आहे, शहाबाद इथून काही फार दूर नाही, आणि तिच्याखाली थेट जमीन. जमिनीत खाली जावं तसं तापमान वर्षाच्या सरासरीकडे झुकत जातं. दुपारी जेवून फरशीवर उताणं पडलं की पाठीला कळतं. उशी नको, काही नको.

घर मात्र चालवावं लागतं. सकाळी आठला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. संध्याकाळी बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं सताड उघडं, छताजवळचे झरोकेसुद्धा. पहिल्या वर्षी मी हे उलटं केलं होतं, विज्ञानाची शिक्षिका असून. दिवसभर खिडक्या उघड्या, "वारा खेळू दे" म्हणून. तो वारा ४१ अंशांचा होता. चार दिवसांत भिंती तापल्या आणि त्यांना निवायला आठवडा लागला. आमची आजी दुपारी दारं लोटून अंधारात बसायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी. अजूनही पाहुणे आले की पहिलं वाक्य हेच, "अहो, खिडक्या तरी उघडा!" मी चहा ठेवते.

दुसरी चूक पश्चिमेच्या भिंतीची. तिला खिडकी ठेवायची नाही एवढं कळलं होतं, आणि तिच्याच कडेला आमचा पलंग लावला. साडेनऊ इंची मातीच्या भिंतीतून उष्णता पलीकडे पोचायला सात-आठ तास लागतात. दुपारी चारचं ऊन बरोबर रात्री अकराला आमच्या उशाशी. हात लावला तर भिंत तापलेल्या माणसासारखी. पलंग हलवला, पण मूळ दुखणं तिथंच. मग मामा म्हणाले, कडब्याची गंजी त्या भिंतीला लावू. फेब्रुवारी-मार्चात ज्वारी निघाली की कडबा असतोच, पावसाळ्यापर्यंत जनावरं खाऊन संपवतात, म्हणजे बरोबर हवा तेवढा काळ. कल्पना मला इतकी आवडली की मी लगेच हो म्हटलं. आत्यांनी एकच विचारलं, "आणि ठिणगी पडली तर?" त्या पहिल्या विटेवर उभ्या राहिल्या होत्या त्याही आत्याच. शेवटी भिंतीपासून दीड फूट सोडून तुराट्यांचा कूड उभा केला, बाहेरून शेणा-मातीनं लिंपून. मधून हवा वाहते. दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो, तुराट्या शेतातल्याच. आता ती भिंत रात्री अकराला गप्प असते. कूड आणि भिंतीच्या मध्ये मुंगूस राहतं.

बाकी बारीकसारीक. एका चौकटीला वाळवी लागली. पहिला पावसाळाभर भिंतींना ओल्या मातीचा वास होता, कपाटातल्या साड्यांनासुद्धा. मला आवडायचा, मुलीला नाही. आतल्या खोलीत मोबाइलला रेंज येत नाही, याचे फायदेही आहेत.

आई पाच वर्षं आली नाही. म्हणजे यायची, ओसरीवर बसायची, जेवायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. गेल्या मे महिन्यात भावाकडे पत्र्याखाली तिला दोनदा चक्कर आली. डॉक्टरांनी उन्हापासून लांब ठेवा सांगितलं. भाऊ तिला आणून सोडून गेला. ती दारातच थांबली आणि वर बघत राहिली.

"वर किती माती हाय?"

"माती नाही आई, मडकी आहेत. रिकामी."

"रिकामी?" तिनं पुन्हा विचारलं. मग काठीनं भिंत ठोकून बघितली, दोन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी कोपरा ठोकला आणि विचारलं, हितं लोखंड हाय का. आहे म्हटलं. बाज तिनं दाराजवळच टाकायला लावली. झोपताना उशाशी पितळी तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र. जरा हललं तरी फुलपात्र पडून आवाज व्हावा म्हणून. हे ती १९९३पासून रोज करते. आमच्या घरी पहिल्या रात्री ते पडलं ते मांजरीमुळे, आणि आई पंच्याहत्तरीची असूनही माझ्या आधी अंगणात होती.

महिनाभर राहिली. दुपारची झोप लागायला लागली. तक्रार एकच, "कशाला गं अंधार करूलालीस दिवसाढवळ्या." यंदा एप्रिलमध्ये तिनं स्वतःच भावाला सांगितलं, सोडून ये म्हणून. तांब्या-फुलपात्र सोबत आहेच.

मागच्या आठवड्यात वळवाचा एक जोराचा पाऊस झाला आणि पन्हळीच्या तोंडाजवळ ओल उतरली. वर चढून पाहिलं तर पांढरे तुकडे हातभर जागेत सुटलेत आणि खालची काही मडकी पिचलीत. कोबा फोडून ती बदलावी लागणार. मी वैतागून खाली आले आणि पुटपुटले असेन की सहा वर्षांतच हे काय. आई शेंगा फोडत होती.

"आमच्या माळवदावर दरसाल माती टाकावी लागायची," ती म्हणाली. "मिरगाच्या आधी करून घे. कुंभाराला आजच फोन लाव, मागून त्याला येळ मिळायचा नाही."

बारा मडकी सांगितली आहेत. या वेळी त्यानं लग्नाचं विचारलं नाही.